वहीतला एक रकाना

शिरूरच्या माझ्या दुकानात एक लांबट वही आहे. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाची तारीख, नाव, तक्रार आणि दिवसाला किती सेकंदांचा फरक, असे चार रकाने तिच्यात पहिल्यापासून होते. पाचवा रकाना मी नंतर पट्टी घेऊन हातानं आखला. तो का आखावा लागला, ते सांगतो.

पावसाळा सरत आला होता. रांजणगाव एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली आणि तासाभरानं एक पोरगा दुकानात शिरला. बावीस-तेवीसचा असेल. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, नखांच्या कडेला तेलाची काळी रेघ. गाव दौंड तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. नोकरीसाठी शिरूरला दोघांत एक खोली घेऊन राहत होता. त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि काचेवर सोडली.

"काका, हे विकायचंय. आज्याचं हाय."

आत ओमेगा कॉन्स्टेलेशन होतं. १९५२ पासून ओमेगा या नावाची घड्याळं बनवते. सहाच्या आकड्यावर एक छोटी चांदणी, पाठीवर वेधशाळेचा घुमट आणि त्यावर आठ तारे. इथं तारे मनगटाच्या घामानं झिजून नुसते उंचवटे उरले होते. पोरगा सांगत होता, आजा मुंबईत एका घरी गाडी चालवायचा. तीस वर्षं एकाच घरी. काम सोडून गावी निघाला, त्या दिवशी मालकानं स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून त्याच्या हातात बांधलं. आजा वारल्यापासून ते आईच्या पेटीत, साडीच्या घडीत होतं. आता बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायला दीड महिना उरला होता.

खरं ते सांगतो. मी घड्याळाआधी पोराकडे पाहिलं. त्याच्या चपला पाहिल्या, मोबाईलची तडकलेली काच पाहिली, आणि मनात एक शेरा मारून ठेवला. घड्याळ उघडायच्या आधीच.

तोंडानं मात्र रीतसर बोललो. "ऑटोमॅटिक आहे. चावी देऊन चालतं, पण मुळात हाताच्या हालचालीनं आपली स्प्रिंग आपण भरून घेतं. इतकी वर्षं पडून आहे. आठ दिवस वापर, बंद पडू देऊ नकोस, मग घेऊन ये. तोवर मी गिऱ्हाईक बघतो."

गिऱ्हाईक माझ्या डोळ्यासमोर होतं. गावातलेच एक शेठ, ट्रकांचा धंदा, जुन्या-नव्या भारी घड्याळांचा शौक. ते म्हणाले, मशीन खरी निघाली तर ७० हजार देतो. आमच्या धंद्यात घड्याळाच्या पोटातल्या सगळ्या यंत्राला मिळून मशीन म्हणतात.

आठव्या दिवशी पोरगा आला तेव्हा शेठ बसलेले होते, आणखी तिघं-चौघं होते, चहा आला होता.

"काका, लई पुढं पळतंय. दिवसाला बारा मिनिटं."

बारा मिनिटं! स्वित्झर्लंडमध्ये आज ज्या मशीनला क्रोनोमीटरचा दाखला देतात, ती १५ दिवस पाच वेगवेगळ्या बाजूंवर ठेवून, ८, २३ आणि ३८ अंशांच्या तापमानात तपासतात, आणि सरासरी दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढ्यात बसावी लागते. आणि या घड्याळाच्या तबकडीवरसुद्धा क्रोनोमीटर असंच लिहिलेलं. मी ते टायमिंग मशीनवर लावलं. या यंत्राचा मायक्रोफोन घड्याळाची टिकटिक ऐकतो आणि पडद्यावर ठिपके मांडत जातो. घड्याळ बरोबर असेल तर ठिपक्यांची रेघ आडवी, सरळ. इथं ती जिन्यासारखी चढत होती.

मग मी भिंग डोळ्याला लावलं. तबकडीवरची अक्षरं जाड होती, एका अक्षराच्या पायाशी शाई फुटलेली. मुंबईत जुन्या तबकड्या खरवडून पुन्हा रंगवतात, त्यातलं हे काम होतं. सेकंदकाटा बघितला तर नव्या घड्याळांसारखा मऊ सरकत नव्हता, बारीक हिसके देत होता. पाठ उघडली. आत तांबूस रंगाची मशीन, त्यावर नक्षी म्हणावी तर काही नाही. हल्ली भारी घड्याळांची पाठ काचेची असते. आतल्या पट्ट्यांवर लाटांसारख्या रेघा, निळे स्क्रू, सोनेरी अक्षरांचं रोटर, सगळं गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून मांडलेलं असतं. तेच बघून बघून माझाही डोळा तसाच झाला होता. रेघा म्हणजे अस्सल, साधं म्हणजे बनावट.

"डुप्लिकेट आहे," मी म्हणालो. "तबकडी रंगवलेली, मशीन कुठली तरी बसवलेली."

उघडण्यापासून निकालापर्यंत दहा मिनिटंही लागली नसतील.

"काका, आज्या खोटं बोलायचा न्हाई," पोरगा म्हणाला.

"अरे, त्यांनाही कुणीतरी फसवलं असेल."

हे मी दया म्हणून बोललो होतो. शेठ म्हणाले, "ड्रायव्हरला कोण ओमेगा देतंय?" बसलेल्यांनी माना हलवल्या. पोरानं घड्याळ उचललं नाही. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. आईनं इचारलं तर काय दावू?" असं म्हणून तो गेला. चहाचा कप तसाच होता.

शिरूर हे पुणे-नगर रस्त्यावरचं, घोड नदीच्या काठचं बाजाराचं गाव. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. इथं शब्द टपरीवरून टपरीवर जायला एक संध्याकाळ पुरते. रांजणगावची बस भरायच्या थांब्यावर त्या पोराला घड्याळावरून हाका मारू लागले, हे मला महिन्याभरानं कळलं.

घड्याळ माझ्या खणात राहिलं. चार दिवस मी त्याला सकाळी चावी देत होतो, का ते सांगता येणार नाही. आणि एक गोष्ट खटकायला लागली. पहिल्या दिवशी बारा मिनिटं पुढे, दुसऱ्या दिवशी बारा, तिसऱ्या दिवशी बाराच. खोटी, जोडजाड केलेली मशीन असं वागत नाही. ती आज दहा मिनिटं पुढे जाते, उद्या चार मागे. हे घड्याळ चुकत होतं, पण रोज तितकंच. आतलं सगळं आपापलं काम इमानानं करत होतं आणि एकच काहीतरी त्याला पुढं ढकलत होतं.

पाचव्या दिवशी दुकान बंद ठेवून मी दौंडला निघालो. न्हावऱ्यापर्यंत उसाची शेतं, मग पारगावला भीमा ओलांडून केडगाव-चौफुला, तिथून दुसरी गाडी. दौंडला स्टेशनपासून पाच मिनिटांवर नानांचं दुकान आहे. मी तिथं चार वर्षं शिकलो. एचएमटीची घड्याळं तेव्हा घराघरात होती; १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बेंगळुरूत सुरू झालेला तो कारखाना. 'जनता' तर इतक्यांदा उघडली असेल की डोळे मिटून भाग जागेवर बसवीन. नाना त्याआधीच्या पिढीचे. त्यांच्या गुरूकडे रेल्वेतल्या माणसांची घड्याळं यायची, वेस्ट एंडची. दौंड म्हणजे जंक्शन. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा इथून निघाला, आणि पुण्याहून नगरकडे जाणारी गाडी इथं आली की इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे. नवखा माणूस घाबरायचा, गाडी परत चालली म्हणून. आम्ही शिकाऊ पोरं प्लॅटफॉर्मवर उभं राहून त्या चेहऱ्यांची मजा बघायचो. त्या दिवशी नानांच्या पायरीवर चढताना माझा चेहरा तसाच झाला असावा.

नानांनी घड्याळ हातात घेतलं, पण उघडलं नाही.

"कुणाचं?"

"एका पोराचं."

"काय करतो?"

"एमआयडीसीत आहे."

"एमआयडीसीत काय करतो?"

"ते नाही विचारलं, नाना."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग विचार."

मी पावतीवरचा नंबर लावला. पोरगा पाळीवर होता, मागे यंत्राचा आवाज येत होता. म्हणाला, सरफेस ग्राइंडरवर असतो. मी विचारलं, घड्याळ कामावर असताना कुठं असायचं?

"मशीन चालू असताना हातात घालू देत न्हाईत काका. म्हणून डायल गेजचं मॅग्नेटिक स्टँड असतंय ना, त्याच्या बाजूला ठेवायचो. आन् जॉब काढला की घालून जरा हलवायचो, की परत काढून ठिवायचो. तुमीच म्हनला ना, बंद पडू देऊ नको."

फोन ठेवल्यावर माझ्याच्यानं काही बोलवेना. ग्राइंडरवर लोखंडाचा जॉब चुंबकानं धरतात. जॉब धरणारी अख्खी चकच चुंबकाची असते. आणि शेजारी ते स्टँड. मी सांगितलं म्हणून तो आठ दिवस आज्याचं घड्याळ तिथं नेत होता.

नानांनी खणातून एक होकायंत्र काढलं, शाळेतल्या पोरांच्या कंपासपेटीत शोभेल एवढंसं. ते काचेवर ठेवून सुई शांत होऊ दिली आणि घड्याळ हळूच तिच्याजवळ नेलं. सुई झटक्यानं फिरली आणि घड्याळाकडे तोंड करून उभी राहिली. कितीही भारी घड्याळ आलं तरी ही पहिली परीक्षा असते. तिला एक मिनिट लागतं, पैसा लागत नाही. मला ती याच दुकानात, याच होकायंत्रावर शिकवली होती.

घड्याळाच्या पोटात बॅलन्स नावाचं चाक असतं, ते एकदा इकडे, एकदा तिकडे असं झोके घेतं. त्याला मागं ओढणारी हेअरस्प्रिंग केसाहून बारीक, गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली. तिची लांबी म्हणजे घड्याळाचा काळ. ऊन-थंडीनं तिचा ताण बदलू नये म्हणून निकेल आणि लोखंडाचे मिश्रधातू शोधले गेले, आणि त्या कामासाठी शार्ल गियोम या शास्त्रज्ञाला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढी जपलेली ती तार. पण तिच्यात चुंबक शिरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. चिकटले की तिची कामाची लांबी कमी होते, झोका आखूड आणि घाईचा होतो, आणि घड्याळ पळत सुटतं. तार तुटलेली नसते, झिजलेली नसते. चुंबक उतरवणाऱ्या कॉइलवर घड्याळ धरायचं, बटण दाबायचं, दाबलेलंच ठेवून घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं आणि मग बटण सोडायचं. नानांनी तसं केलं, दोनदा केलं. होकायंत्राजवळ पुन्हा नेलं. सुई हलली नाही.

"आता ऐक," म्हणत त्यांनी घड्याळ माझ्या कानाला लावलं.

मी ऐकलं. माझ्या दुकानातली नवी घड्याळं सेकंदाला आठ ठोके देतात, तासाला २८,८००. हे संथ होतं, साडेपाच ठोक्यांचं, तासाला १९,८००. नानांनी पाठ उघडून पट्टीवर कोरलेला ५६१ हा आकडा दाखवला. ओमेगाची ही मशीन साठच्या दशकातली. तिचा ठोकाच साडेपाचचा आहे. सेकंदकाट्याचे जे हिसके मी खोटेपणात धरले, ती तिची जन्माची चाल होती. ज्वेल २४, म्हणजे चाकांचे आस टेकतात ते माणकाचे खडे. पाच बाजूंवर आणि तापमानात जुळवल्याचं पोटातच कोरलेलं. आणि तांबूस रंग म्हणजे त्या काळच्या ओमेगाची ओळख, मुलामाच तसा असायचा.

"तबकडी रंगवलीय, ते तू बरोबर ओळखलंस," नाना म्हणाले. "कुणीतरी हौसेनं रंगवून घेतली असेल. तेवढी किंमत कमी होईल. पण चेहरा रंगवला म्हणून पोट खोटं होत नाही."

मग त्यांनी मशीन सुटी केली. पुढचे दोन तास मी पुन्हा शिकाऊ पोरगा होतो. स्क्रूची डोकी बघ, म्हणाले; खाच तुटलेली, कडेला ओरखडे असतील तर आधी अडाणी हात लागलाय. इथं खाचा जवळपास कोऱ्या होत्या. पट्टी उलटी करून दाखवली. खालची बाजू, जी दुकानदारालाही दिसत नाही, फक्त दुरुस्त करणाऱ्यालाच दिसते. तिच्या कडासुद्धा साफ घासलेल्या, भोकाच्या तोंडाला कुठं बुरी नाही. चाकांच्या आसांची टोकं भिंगाखाली आरशासारखी. "वरच्या रेघा यंत्रावर मिनिटात पडतात. निळा स्क्रू तापवून होतो तसा रसायनात बुडवूनही होतो. हे टोक घासायला मात्र कुणीतरी बसलेलं असतं," ते म्हणाले. या मशीनमध्ये वंगण वाळून राळ झालं होतं, एवढाच तिचा दोष.

घड्याळ आठ दिवस नानांकडे राहिलं. साफसफाई, नवं तेल. मग तबकडी वर, तबकडी खाली, चावी वर, चावी खाली, असं एकेका बाजूला ठेवून नोंदी. नाना माझ्यासारखे टायमिंग मशीनवर टाकून लगेच निकाल देत नाहीत. एक तर त्या यंत्राला प्रत्येक मशीनचा लिफ्ट अँगल सांगावा लागतो, नाहीतर ते आपलं ५२ अंश धरून बसतं आणि झोक्याचा आकडा चुकवतं. दुसरं, पूर्ण चावी भरल्यावर घेतलेला आकडा ते मानतच नाहीत. "भरल्या चावीवर कुणीबी सरळ चालतं," हे त्यांचं जुनं वाक्य. चोवीस तास थांबून, स्प्रिंग अर्धी उतरल्यावर पुन्हा मोजायचं. मी घ्यायला गेलो तेव्हा कागदावर लिहिलं होतं: भरल्यावर झोका २८० अंश, चोवीस तासांनी २४०, फरक दिवसाला ५ सेकंद पुढे. साठीच्या घरातलं घड्याळ!

कागद माझ्या हातात देऊन नाना म्हणाले, "खोटं आहे असं कुठं बोललास?"

"दुकानात."

"कोण कोण होतं?"

मी नावं सांगितली.

"मग तिथंच बोल. तेवढ्याच लोकांत. आणि तेवढ्याच आवाजात."

दौंडहून मी आधी पोराच्या गावी गेलो. आई अंगणात होती. पोरगा शिरूरला होता, बहीण कॉलेजला गेली होती. म्हणजे फी भरली गेली होती. गोठ्यात खुंट्याला नुसतं दावं गुंडाळलेलं होतं. मी न विचारताच आई म्हणाली, "दुसऱ्या येताची होती. दूध चांगलं द्यायची." तिनं चहा केला. तो चहा शेळीच्या दुधाचा होता आणि मी तो सगळा प्यालो.

दोन दिवसांनी त्या सगळ्यांना पुन्हा दुकानात बोलावलं. शेठ, ते तिघं-चौघं आणि पोरगा. होकायंत्र काचेवर ठेवलं. चुंबकाचा एक तुकडा आणून सुई कशी फिरते ते दाखवलं. मग म्हणालो की घड्याळ अस्सल आहे, मशीन ओमेगाची आहे, त्याच्या आजोबांनी सांगितलेला शब्दन्‌शब्द या मशीनशी जुळतो. घड्याळ पळत होतं ते माझ्या सांगण्यामुळं, आणि मी ते न विचारता त्याला डुप्लिकेट म्हणालो. तबकडी रंगवलेली आहे, तेही सांगितलं. आवाज तेवढाच ठेवायचा प्रयत्न केला, पण मध्ये एकदा कापला. त्या दिवशीचा माझा आवाज कापला नव्हता.

शेठ मोकळेपणानं म्हणाले, "चुकलं आमचंही. लगेच देतो, ७० हजार." हात खिशाकडे गेलासुद्धा.

पोरानं घड्याळ उचललं, चावीला दोन वेढे दिले, कानाला लावलं. बराच वेळ तसाच उभा राहिला.

"आता इकायचं न्हाई," तो म्हणाला. "फी भागली."

सर्व्हिसिंगचे पैसे त्यानं विचारले. मी घेतले नाहीत. गाईची किंमत देऊ केली तर त्यानं ऐकूनच घेतलं नाही. "काका, गाय आता दुसऱ्याच्या दाव्याला हाय, ती काय परत येती व्हय?" एवढंच बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या रात्री मी वहीत पाचवा रकाना आखला. वर लिहिलं: 'कुठं असतं?'

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. फ्रिजवर असतं. रात्री मोबाईलशेजारी, कव्हराला चुंबकाचं बटण आहे. टेम्पोत स्पीकरच्या जाळीवर. एका बाईंचं पर्समध्ये, पर्सचा खटका चुंबकाचा. एक म्हातारे म्हणाले, घड्याळ बंदच पडतं, ऑटोमॅटिक असून. कुठं असतं विचारलं तर कळलं, ते दोन महिने अंथरुणाला होते आणि हात हलतच नव्हता. त्यांना रोज सकाळी चावी द्यायला शिकवली. प्रत्येक वेळी आधी रकाना भरतो आणि मग भिंग डोळ्याला लावतो. वेळ जास्त जातो. गिऱ्हाईक कधी कंटाळतं.

गेल्या दिवाळीनंतर पोरगा पुन्हा आला, रुमालात तेच घड्याळ. तेल बघून घ्या म्हणाला. मी होकायंत्र काढलं, सुई जागची हलली नाही. टायमिंग मशीनवर रेघ जवळजवळ आडवी. वही उघडली आणि विचारलं. त्यानं सांगितलं तसं लिहून घेतलं.

कुठं असतं? बहिणीच्या हातात, वॉर्डमध्ये. नाडी मोजायला लागतं.

फरक: दिवसाला ५ सेकंद पुढे.